देवीदासभाऊंचा आजऱ्यापर्यंतचा बोगदा

देवीदास खंडारे यांनी मला मदत केली, हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. काय घडलं ते सांगताना मधेच मी भलतीकडे वाहवत गेलो तर निदान नाव तरी आधी येऊन गेलेलं बरं. देवीदास खंडारे, मुक्काम डोणगाव, तालुका मेहकर. आम्ही त्यांना देवीदासभाऊ म्हणतो.

ह्या माणसाला 'नमस्कार', 'कसं काय', 'बरं आहे ना' असलं काही बोलताच येत नाही. समोर कुणीही येवो, ते तीन प्रश्न विचारतात. "कुठून निंगाला? कुठं चालला? मधात कोण?" तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. नाक्यावर एकदा पोलिसानं गाडी अडवली, तो काही विचारायच्या आत ह्यांनीच त्याला हे तीन प्रश्न विचारले. बिचारा गोंधळून म्हणाला, "मेहकरहून आलो, इथंच हाये, मधात साहेब हायेत." "बराबर," म्हणून देवीदासभाऊ गाडी घेऊन निघाले, आणि तो हात वर करून तसाच उभा राहिला.

एकदा तर मी शरमेनं खाली बघत होतो. गावातले एक म्हातारबाबा वारले होते. भेटायला गेलो तर दारात त्यांचा मुलगा बसलेला. देवीदासभाऊंच्या तोंडून सवयीनं निघालंच, "कुठं चालले?" मुलगा हुंदका देत म्हणाला, "भाऊ, ते कोणाले ठाव हाये." ह्यांनी मान हलवली आणि हळूच म्हणाले, "मंग पत्ता नाही म्हणा." तिथल्या चार बायकांनी ज्या नजरेनं आमच्याकडं पाहिलं, ती मला अजून आठवते. मी त्यांचा हात धरून त्यांना रस्त्यावर आणलं.

मी सदा, मूळचा आजऱ्याकडचा, कोल्हापूर जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाचा. आठवीत शाळा सोडली. एका ठेकेदाराबरोबर केबलचे चर खणायला इकडं बुलढाणा जिल्ह्यात आलो. चर संपले, ठेकेदार निघून गेला आणि मी राहिलो. डोणगावात राजूशेठचा केबल आणि इंटरनेटचा धंदा आहे. खाली खत-बियाण्यांचं दुकान, वर आमचं ऑफिस. खांबावर चढायला आणि फायबरच्या, म्हणजे काचेच्या तारा जोडायला त्यांनी मला ठेवून घेतलं. सुरुवातीला मी तोंड उघडलं की सगळे हसायचे. 'काय करालासा?' असं मी कुणाला विचारलं की पोरं दिवसभर माझ्या मागं 'करालासा करालासा' करत फिरायची. एकटे देवीदासभाऊ हसले नाहीत. मी कारण विचारलं.

"पुण्यात मी 'मले' म्हणलो का आख्खं ऑफिस हासे," ते म्हणाले. "तवापासून मी लेहून बोलतो. लेहलेल्याले हेल नसते बे."

पुण्यात ते कॉम्प्युटरच्या नोकरीत होते. वडील आजारी पडले म्हणून गावी आले, वडील गेले, आणि हे इथंच राहिले. घरात एकटेच. राजूशेठचं मुख्य मशीन सांभाळायचं काम त्यांच्याकडं आहे, पण ते सकाळीच आटोपतं. मग उरलेला दिवस ते खुर्चीत बसून 'आपलं काम' करतात. हे आपलं काम काय, ते मला कळलं तेव्हा मला धक्काच बसला.

स्विच ही माझ्या ओळखीची वस्तू. लोखंडी डबा, तोंडावर भोकांची रांग, भोकाभोकात तारा. एका घरची तार दुसऱ्याला जोडून देणारा. असले डबे पाठीवर बांधून मी शिड्या चढलोय, खांद्याला वळ उठलेत.

देवीदासभाऊ म्हणाले, "मी एका स्विचवर काम करून राह्यलो."

"कुठं आहे?"

"नाही हाये."

"म्हणजे आणायचाय?"

"आणाचा कायले? तो हायेच नाही ना बे."

मला वाटलं, एकटं राहून माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. मग त्यांनी समजावलं. मोठमोठ्या कंपन्यांत एकेका दांडग्या कॉम्प्युटरच्या पोटात बरेच लटके, म्हणजे खोटे-खोटे कॉम्प्युटर राहतात, वाड्यातल्या भाडेकरूंसारखे. त्यांना एकमेकांशी बोलायला स्विच लागतो. कॉम्प्युटरच लटके, तर स्विचही लटका. तो नुसता लिहिलेला असतो. जगभरातली माणसं मिळून तो लिहितात, आणि ज्याला हवा त्यानं घ्यावा. आमचे देवीदासभाऊ त्या मंडळींतले एक.

हे ऐकून राजूशेठ खुर्चीतून उठलेच. "दिसत नाही? वजन नाही? म्हंजे चोरीले बी जात नाही! भाऊ, आपले सारे डबे असेच करून टाक ना!"

आता बोगदा म्हणजे काय, तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बीबी गावाला एका लग्नात देवीदासभाऊंनी आहेर दिला. मोठा खोका, वर नाव नवरीच्या काकांचं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी भर मांडवात तो फोडला. आत दुसरा खोका निघाला, त्याच्यावर नाव नवरीचं. काकांचा चेहरा उतरला. देवीदासभाऊ मात्र खूश. "पाय सदा, हे टनेल! काकाले वाटलं पाकीट त्याचंच हाये. त्यानं बाहेरचं फोडलं, आतलं जिथचं तिथं पोचलं." काका आजही त्यांच्याशी बोलत नाहीत.

तर तो नसलेला स्विच असाच लांबच्या दुसऱ्या नसलेल्या स्विचकडं पाकिटात पाकीट घालून पाठवतो. मग लांब लांबची दोन घरं शेजारच्या दोन खोल्यांसारखी होतात. फक्त बाहेरच्या पाकिटावर जुन्या तऱ्हेचा, आखूड पत्ताच लिहिता यायचा. इंटरनेटचे हे जुने पत्ते जगात संपत आलेत. म्हणून नव्या तऱ्हेचे, लांबलचक पत्ते आलेत, हव्या तेवढ्या घरांना पुरतील असे. स्विचच्या बोगद्याला हा नवा पत्ता कळावा, एवढंच देवीदासभाऊंचं काम. ते लिहीत, त्या मंडळींना मेलनं पाठवत, आणि ती मंडळी चुका काढून परत पाठवत.

दुसरा धक्का मला इथं बसला. काम परत आलं की देवीदासभाऊ पेढे वाटत! "पाय बे, एवढ्या मोठ्या माणसानं माह्या किती चुका काढल्या!" मास्तर वहीवर लाल रेघा मारायचे म्हणून मी शाळा सोडली, आणि हा माणूस लाल रेघांचे पेढे वाटतो. मी म्हटलं, "भाऊ, ह्यात आनंद कसला?"

"चूक कोण काढते?" ते म्हणाले. "जो पुरं वाचते तो. या गावात माहं कोण पुरं वाचते?"

मी पेढा तोंडात टाकला. 

मग तो फोन आला. गावाहून, शेजारच्या पारूकाकीचा. आई परसात घसरून पडली होती. सकाळी पडली ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत तशीच. हाका मारल्या म्हणे, पण पारूकाकी शेतावर. ती ताक न्यायला आली तेव्हा कळलं. हाड मोडलं नव्हतं, पाय मुरगळला होता. मी फोन कानाला धरून तसाच उभा होतो, शेवटी राजूशेठनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

आई एकटी असते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तिला मी मोबाइल दिलाय. तो खराब होऊ नये म्हणून ती तो पिठाच्या डब्यात ठेवते. इकडं ये म्हटलं तर म्हणते, "आणि म्हशीला कोण बघणार? तुझा शेठ?" म्हणजे मीच परत जायला हवं. पण परत जाऊन करू काय? ह्या काचेच्या तारांखेरीज मला दुसरं काही येत नाही, आणि गावाकडं तसलं काम नाही. इथं राहावं तर पुढच्या वेळी ती पडली तर कोण ऐकणार? मी पिशवी भरायला लागलो. राजूशेठ म्हणाले, "जा, बापा. पण सीझन हाये, मले दुसरा माणूस पाहा लागन." त्यांचंही खोटं नव्हतं.

देवीदासभाऊ खुर्चीत वळले. "आई हाक मारते ते कुठून निंगते?"

मला रडू आलं आणि रागही. "भाऊ, ही काय वेळ आहे?"

"सांग ना बे. कुठून निंगते?"

"चुलीपासून, परसापासून. कुठूनही. तिचा आवाज मोठा आहे."

"कुठं गेली पायजे?"

"माझ्या कानात!"

"मधात कोण?"

"कुणी नाही. तेच तर."

"मंग मधातलं मी पाह्यतो," ते म्हणाले आणि उठले. मी त्यांना दुपारी खुर्चीतून उठताना पहिल्यांदाच पाहिलं.

ते माझ्याबरोबर निघालेच. शेगावला कोल्हापूरची गाडी धरली. मांडीवर एक खोका, त्यात तळहाताएवढे दोन कॉम्प्युटर, माइक, स्पीकर, कॅमेरा, एक छोटा पडदा, बॅटरी. वाटेत त्यांनी मला सांगितलं की आईच्या घरी सिमकार्डाचा डबा बसवायचा. पण सिमवाल्या कंपनीकडं जुने पत्ते इतके कमी की एका पत्त्यामागं अख्ख्या पंचक्रोशीची घरं. बाहेरून टकटक करायची तर कुणाच्या दारावर? नवा पत्ता मात्र ज्याचा त्याला असतो. "म्हणून आपला बोगदाच पायजे," ते म्हणाले. "मले ते मंडळी इचारत होती, खऱ्या लाइनीवर कोणी वापरून पाह्यलं काय? आता वापरतो ना."

घरी पोचलो. आई खाटेवर, पायाला हळद लावलेली. देवीदासभाऊ दारात उभे राहिले आणि मी डोळे मिटून घेतले, कारण पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं.

"आई, कुठून निंगाल्या? कुठं चालल्या? मधात कोण?"

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सदा, ह्यो माणूस कीर्तनकार हाय काय रं?"

डबा, पडदा आणि कॅमेरा चुलीजवळच्या भिंतीला लागले, माइक परसाच्या दाराला. देवीदासभाऊ समजावत होते आणि मी मधे दुभाषा. आईला एकच शंका होती.

"म्हशीला शिव्या दिल्या, त्या पन जात्यात काय तिकडं?"

"जातात, आई."

"मग बरं. तिकडच्यांस्नी बी कळू दे, ती कसली हाय ती."

आम्ही परत आलो. दुसरं टोक ऑफिसात, देवीदासभाऊंच्या टेबलावर, कारण मी दिवसभर खांबांवर. त्यांनी कळ दाबली आणि डोणगावच्या ऑफिसात आमच्या परसातला कोंबडा आरवला.  राजूशेठनी टेबलाखाली वाकून पाहिलं. मग म्हशीच्या गळ्यातली घंटा, मग आईचं खोकणं. "आई!" मी ओरडलो. "वरडतोस कशाला, भयरी हाय काय मी?" असं उत्तर आलं आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो.

त्या दिवसापासून आमचं ऑफिस म्हणजे आमच्या घरची पुढची खोली झाली. एकदा एक बाई टीव्हीला मुंग्या येतात म्हणून तक्रार घेऊन आल्या होत्या. त्या बोलत असतानाच स्पीकरमधून आलं, "गप उभी ऱ्हा, मेले! रोज तुझं नवं नाटक!" बाई जागच्या जागी थिजल्या. राजूशेठ धावत आले, "ताई, तुमाले नाही, तुमाले नाही! म्हशीले!" त्यानं ते आणखीच बिघडलं. बाईंनी डिशच बसवून घेतली.

आवाज असा लख्ख यायचा, पण पडद्यावर चित्र काही उमटेना. नुसता काळा चौकोन. देवीदासभाऊंनी सिमवाल्यांना दोष दिला, पडद्याला दिला, आजऱ्याच्या ढगांना दिला. शेवटी सगळं लिहून त्या मंडळींना पाठवलं. तिकडून कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं: नवा पत्ता लांब आहे, त्यानं पाकीट मोठं होतं, ते धरलंत का?

देवीदासभाऊंनी कपाळावर हात मारला, तो खालच्या दुकानात ऐकू गेला असेल.

"सदा, बैलगाडीत कुटार तेवढंच भरलं आन् बाजूच्या तट्ट्या उंच लावल्या. वेशीतून निंगन काय? अडकनच!" कुटार म्हणजे भुसा. आवाजाची पाकिटं बारकी, ती निसटून जात. चित्राची मोठी, ती वरच्या लांब पत्त्यामुळं आणखी फुगत आणि वाटेत कुठंतरी टाकून दिली जात. पाकिटाचं माप ह्यांनी जुन्या पत्त्यावरच धरलं होतं. नवा पत्ता घालायला निघालेला माणूस नवा पत्ता लांब असतो हेच विसरला! त्या दिवशी अख्ख्या गल्लीला पेढे मिळाले.

दुरुस्ती किरकोळ होती, त्यांनीच सांगितलं. माप बदलायचं आणि काम परत पाठवायचं. एरवी हा माणूस चहा निवायच्या आत दुरुस्ती पाठवायचा. पण ह्या वेळी ते काही पाठवेनात. "झालं का, भाऊ?" "टेस्टिंग बाकी हाये." पुन्हा विचारलं, "टेस्टिंग बाकी हाये." तिकडच्या मंडळींचे मेल येत होते की एवढं करा, म्हणजे आम्ही घेतो. ज्या कामासाठी इतके पेढे वाटले ते दाराशी येऊन थांबलंय आणि हे दार उघडायला तयार नाहीत. राजूशेठ म्हणाले, "काऊन रे, भाऊचं डोकं तं ठीक हाये ना?" 

मग ती दुपार. मी गावाबाहेर एका खांबावर होतो. खालून कुणीतरी ओरडत येत होतं. पाहतो तर देवीदासभाऊ, पायात चपला नाहीत, तोंड लाल, धावत. ज्या माणसाचा आवाज समोरच्या टेबलाला ऐकू जात नाही तो शेतापलीकडून ओरडत होता.

"सदाऽ! आई बोलून नाही राह्यली!"

मी खांबावरून कसा उतरलो, मला आठवत नाही. ते धापा टाकत सांगत होते की पारूकाकीला फोन केलाय, ती पोचली असेल, तिचा मुलगा गाडी घेऊन येतोय. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई चुलीपाशी पडलेली सापडली होती, शुद्ध नव्हती. गाडीत घालून आजऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेत होते.

आम्ही तिथंच बांधावर बसून राहिलो. पुढचा फोन येईपर्यंत मी काय काय नवस बोललो, सांगत नाही. फोन आला. साखर एकदम खाली गेली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हैस आजारी म्हणून. सलाइन लावलंय, डोळे उघडलेत, म्हशीचं विचारते आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

मग मला सुचलं. "भाऊ, तिनं हाक मारली?"

"नाही."

"मग पडल्याचा आवाज आला?"

"नाही ना बे. काहीच नाही आलं."

"मग कळलं कसं तुम्हाला?"

ते पायातला काटा काढत होते. वर बघितलंच नाही.

"ते रोज या टायमाले इचारते, जेवला काय. आज इचारलं नाही."

 मी खांबावर असताना रोज दुपारी माझी आई आणि हा माणूस बोलत होते, आणि मला पत्ता नाही! लोकांशी धड दोन वाक्यं न बोलणारा माणूस. हळूहळू सगळं बाहेर आलं. आई विचारायची, काय खाल्लंस? हे म्हणायचे, भाकर. ती म्हणायची, कशासंगं? हे म्हणायचे, ठेचा. ती रागवायची. खरं तर हे बिस्किटाच्या पुड्यावर असायचे. पण तिला बरं वाटावं म्हणून रोज वेगळी भाजी सांगू लागले होते, आणि कालची कुठली सांगितली ते विसरू नये म्हणून धडपडत होते.

"आणि ते चित्राचं काम?" मी विचारलं. "ते का अडवून धरलंय?"

त्यांनी काटा काढून बांधाखाली टाकला.

"चित्र आलं का आई तुह्यं तोंड पाह्यन," ते म्हणाले. "मंग माह्याशी कायले बोलन? आता दिसत नाही म्हणून जो असन त्याच्याशी बोलते."

मला त्या माणसाचा जितका राग आला तितकीच माया आली. चपला नसलेल्या देवीदासभाऊंना सायकलवर बसवून गावात आणलं.

आई घरी आल्यावर, स्पीकरवर देवीदासभाऊंना ऐकू जाऊ नये म्हणून, मी पारूकाकीच्या फोनवरून तिला हे सांगितलं. मला वाटलं होतं, हसेल. ती हसली नाही.

"त्याला म्हणावं, तोंड दाखीव आधी. आवाजावरनं माणूस किती वाळलाय ते कळत न्हाई. रोज नवी भाजी सांगतोय, मला काय येडी समजतोय? बायको न्हाई, आई न्हाई, आन् सोमवारी वांगं, मंगळवारी दोडका?"

हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचे कान लाल झाले. त्याच दुपारी माप बदललं.

काळा चौकोन हलला आणि आमची चूल दिसली. मग आईचं नाक, कारण ती पडद्याला अगदी चिकटून बघत होती. मी पुढं सरकलो. "सर बाजूला," ती मला म्हणाली. "तुला बगितलंय मी. त्यो कुटं हाय?" देवीदासभाऊ खुर्चीमागं उभे होते. मी त्यांना पुढं ढकललं. आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आगं बया! ह्यो तर वाळलेली शेंग!"

राजूशेठ दारातून हे ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून दुपारी एक डबा जास्त येऊ लागला. देवीदासभाऊंनी तो पडद्यासमोर उघडायचा, असा आईचा हुकूम आहे, आणि तिनं दवाखान्यातनं दिलेल्या गोळ्या ह्यांच्यासमोर घ्यायच्या, असा ह्यांचा. दोघंही एकमेकांवर पाळत ठेवून जेवतात.

काम पाठवायच्या आधी एक गोष्ट राहिली होती. त्या मंडळींत अशी रीत आहे की ज्यानं ते काम खरोखर वापरून पाहिलं त्याचं नाव कामाच्या खाली लिहायचं. पण त्या माणसाला विचारून. देवीदासभाऊंनी पडद्यासमोर बसून, अगदी शर्टाची बटणं लावून, आईला विचारलं, "आई, तुमचं नाव घालू काय?"

"माजं कशापायी? मी काय केलं? मी आपली म्हशीला वरडत हुते."

"तेच तं टेस्टिंग, आई."

तिनं पदर सारखा केला. "मग घाल. पन पुरं घाल. सदाच्या बापाचं नाव गाळू नगंस."

मंडळींनी काम घेतलं. आता तो स्विच जगात जिथं जिथं जाईल, म्हणजे तो नाहीच आहे, पण जिथं जाईल, तिथं त्याच्या इतिहासात 'हौसाबाई धोंडिबा चौगुले' असं नाव आहे. माझ्या आईला सही येत नाही. ते नाव मी पडद्यावर पाहिलं, इंग्रजीत, एकेक अक्षर लावत वाचलं, आणि कितीदा तरी वाचलं. देवीदासभाऊ मात्र थोडे खट्टू होते, कारण ह्या वेळी कुणी चूकच काढली नव्हती.

माझी नोकरी राहिली, माझी आई राहिली. ह्या उपकाराच्या बदल्यात मी काय देणार? मला त्यांचं काम समजत नाही, त्यांचे मेल वाचता येत नाहीत. पण त्यांच्या घराकडं जाणारी तार मीच ओढलीय, त्यांचं दार मला माहीत आहे. भाऊ, एवढं लिहून देतो. तुम्ही पुढं म्हातारे व्हाल, कुठल्यातरी दुपारी तुमचा आवाज येणार नाही, तुम्ही हाकही मारणार नाही. त्या दिवशी मी असेन त्या खांबावरून खाली उडी टाकीन आणि तुमच्याकडं पळत येईन. चपला घालायला थांबणार नाही.